आठ दिवसांचा पाळक

चर्चच्या दारावर काटेवाल्याने कागद चिकटवला. त्यावर पाळकाच्या अंगी असायला हवेत असे अकरा गुण लिहिले होते. काटेवाला आमच्या चुनाभट्टीवर गोण्या तोलतो आणि चर्चमध्ये पंचांचा मुख्य आहे, त्यामुळे आठवड्याचे सातही दिवस त्याला काही ना काही तोलायचं असतंच. अक्षर मात्र देखणं. पाळक प्रार्थनाशील असावा, स्वतःचं घर नीट चालवणारा असावा, दारूपासून दूर असावा, रागीट नसावा, शिकवण्यात हुशार असावा, त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचावा. असं करत करत अकरा. मी सासूबाईंना एकेक वाचून दाखवला. त्या तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाल्या, "एवढे गुण असलेला माणूस इथे चुना खायला कशाला येईल?"

म्हातारे पाळक वारून सहा महिने झाले होते. उन्हाळा डोक्यावर होता, वारा सुटला की भट्टीपासून चर्चपर्यंत सगळं पांढरं होत होतं, आणि पावसाआधी शेवटची भट्टी रिकामी करायची म्हणून मालक रोज शिव्या घालत होता. अशा दिवसांत पाळक व्हायला माणूस येणार होता. आमच्या मंडळीची रीत अशी, की येणाऱ्याने आठ दिवस एका घरी राहायचं, त्या घरचं जे काम असेल ते करायचं, आणि रविवारी त्या घरच्या कर्त्या बाईने उभं राहून सांगायचं, चालेल की नको. बाकीच्यांनी माना डोलवायच्या. पुरुषांना का विचारत नाहीत, तर पुरुष दोन गोड शब्दांत विरघळतो, बाईला त्या माणसाचं उष्टं ताट उचलावं लागतं. त्या वर्षी पाळी आमच्या घरावर आली होती.

सासूबाईंना ती पाळी हवीच होती. दोन वर्षांपूर्वी थंडीत माझा नवरा भट्टीच्या माथ्यावर झोपला आणि उठला नाही. माथा ऊबदार असतो, पण दगड भाजताना तिथून जो वायू निघतो त्याला वास नसतो, आणि तो झोपलेल्याला झोपेतच नेतो. चुन्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. म्हणून म्हातारे पाळक म्हणाले, ठाऊक असून झोपला म्हणजे त्याने जीव दिला. जीव देणाऱ्याला आमच्याकडे कबरस्तानाच्या भिंतीच्या आत जागा नाही. त्याला बाहेर पुरला, प्रार्थनेशिवाय, ओढ्याच्या अंगाला, जिथे शेळ्या फिरतात. सासूबाई दर रविवारी भिंतीला वळसा घालून तिथे जाऊन लेंड्या वेचायच्या.

त्याने जीव दिला नव्हता. तो पिऊन आला होता आणि मी आतून कडी लावून बसले होते. सासू-सासरे त्या दिवशी नणंदेच्या बाळंतपणाला गेले होते. त्याने तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला चिडकेपणा नव्हता, नुसती विनवणी होती, आणि तरी मी मनात म्हटलं, कळू दे याला एकदा. थंडी लागली म्हणून तो ऊब शोधत गेला, एवढंच. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना एकच हवं होतं, नव्या पाळकाने मुलाला आत घ्यावं. मला एकच हवं होतं, ती कडी त्यांना कधी कळू नये. त्या मला पोटच्या लेकीसारखं वागवत होत्या. माहेरी मला परत धाडा म्हणणाऱ्या नणंदेला त्यांनी घराबाहेर काढलं होतं.

पहिला आला तो उंच, वाकलेल्या खांद्यांचा, आणि बोलण्याची टंचाई असलेला. दुसऱ्या दिवशी भट्टीच्या तोंडाशी मान खाली घालून उभा होता, वरून पांढरी धूळ पडत होती, तर हमालांनी त्याचं नाव बगळा ठेवलं. त्याच्या कानावर ते गेलं. तो म्हणाला, "बगळ्याला निदान उभं राहायला पाणी असतं." हमाल हसले, पण थोडे उशिराने, कारण हा विनोद करू शकतो असं कुणाला वाटलंच नव्हतं.

भाजलेला दगड खालच्या तोंडातून फावड्याने ओढायचा, घमेल्यात भरायचा, शेडमध्ये नेऊन पसरायचा. बाहेरून गार दिसतो, पोटात आग असते. घामावर त्याची भुकटी बसली की कातडी सोलून निघते. मी त्याला हात कसे बांधायचे ते दाखवलं. आधी तेल, मग फडकं, मनगटाशी सुतळी, बोटांच्या बेचक्यांत दुहेरी घडी. त्याने एकदाच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बांधून आला, डाव्या हाताची गाठ तेवढी दाताने ओढून घट्ट केलेली. तरी तिसऱ्या दिवशी मानेवर फोड आले. मालक येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, देवाला सांगा जरा फुंकर घालायला." त्याने नुसतं घमेलं उचललं. मालकाचा चेहरा उतरला, कारण उलट उत्तर न देणाऱ्या माणसाचा अपमान करण्यात मजा नसते.

माझ्या सासऱ्यांचे डोळे चाळीस वर्षांच्या चुन्याने गेले होते. ते अंगणात बसून हाताने चाचपत चुनखडी फोडायचे, आणि सकाळी त्यांना परसाकडे हात धरून नेण्याचं काम माझं होतं. त्यांना त्याची लाज वाटायची, मलाही. आम्ही दोघं त्या वाटेवर कधी बोललो नाही. तिसऱ्या सकाळी मी उठून बाहेर आले तर तो त्यांना घेऊन परत येत होता, एका हातात रिकामा तांब्या. त्यानंतर रोज तोच नेऊ लागला. सासरे त्या वाटेवर त्याच्याशी काय काय बोलायचे कोण जाणे, पण येताना त्यांची मान ताठ असायची.

उपासनेत मात्र त्याचं काही खरं नव्हतं. बुधवारी प्रार्थना सांगता सांगता मध्येच थांबला, इतका वेळ की काटेवाला खाकरला. मग म्हणाला, "मला पुढचे शब्द सापडत नाहीत. आपण थोडा वेळ तसेच बसू या." बसलो. बाहेर शेळ्या ओरडत होत्या. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "गप्प बसायला पाळक कशाला लागतो? ते तर आम्ही घरी पण करतो."

गुरुवारी दुपारी सावलीत बसून आम्ही हातांची फडकी बदलत होतो. तो म्हणाला, "ताई, सगळे माथ्यावर चढून कोळसा ओततात. तुम्ही चढत नाही."

एवढंच म्हणाला. विचारलंही नाही. आणि मी सांगून टाकलं. कडी, तीन हाका, तिसरी हाक कशी होती ते, सगळं. का सांगितलं म्हणाल तर मला आजही नक्की ठाऊक नाही. दोन वर्षं मी बोलले नव्हते आणि समोर एक माणूस होता ज्याला बोलायची घाई नव्हती. माझं झालं तेव्हा त्याने मला क्षमा वगैरे केली नाही, रडू नका म्हणाला नाही. त्याने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि मनगटाशी सुतळी बांधून दिली. मग म्हणाला, "हे आणखी कुणाला सांगायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याकडून पुढे जाणार नाही." आणि कामाला गेला.

सासूबाईंनी आम्हाला लांबून पाहिलं होतं. संध्याकाळी ताट वाढताना त्यांनी त्याला विचारलं, "दुपारी सूनबाई एवढं काय सांगत होती?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

"त्यांनी मला हात बांधायला शिकवलं," तो म्हणाला. "मला आता निम्मं जमतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तो बोलणार नाही हे मला कळत होतं. पण त्याने पाणी मागितलं तरी मला वाटायचं, आता काढतो विषय. माझ्याच घरात एक माणूस माझं सगळं पोटात घेऊन फिरत होता, आणि तो निवडून आला तर जन्मभर दर रविवारी समोर उभा राहणार होता.

शुक्रवारी सासूबाईंनी विषय काढला. त्या जमिनीवर बसल्या, तो पाटावर. म्हणाल्या, "तुम्ही पाळक झालात तर माझ्या मुलाला भिंतीच्या आत घ्याल?"

तो म्हणाला, "आई, आज मी हो म्हटलं तर ते रविवारच्या तुमच्या शब्दासाठी म्हटल्यासारखं होईल. निवड होऊ द्या. मी आलो तर सोमवारी मला विचारा."

"मग सोमवारी हो म्हणाल?"

"सोमवारी तुमच्याबरोबर पंचांकडे येईन. ते काय म्हणतील मला ठाऊक नाही. पण एकदा नाही म्हणाले तर पुन्हा येईन."

सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ दबक्या आवाजात म्हणाल्या, "हो म्हणायला याची जीभ झिजते का गं? दोन वर्षं मी लेंड्या वेचतेय आणि हा मला सोमवार दाखवतो." त्यांचे डोळे भरले होते. त्यांना माझ्यासमोर रडायला संकोच वाटत नसे.

शनिवारी त्यांनी मला विचारलं, "तुझं काय मत? खरं सांग. तुझ्याशी बोलतो तो, सासऱ्यांचं करतो. तुला चालेल म्हणालीस तर मी गिळीन माझा राग."

मी फक्त हो म्हणायची खोटी होती. मी म्हटलं, "माणूस वाईट नाही, आई. पण मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही त्यांचा."

रविवारी सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नको." माना डोलल्या. तो पुढच्या बाकावरून उठला, सासूबाईंचे जेवणाबद्दल आभार मानून सासऱ्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, आता नजरेने तरी काहीतरी म्हणेल. म्हणाला, "ताई, बेचक्यांतली घडी अजून सुटते माझी." आणि पिशवी घेऊन पायी निघाला. सासरे संध्याकाळपर्यंत दगड फोडायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना परसाकडे न्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "चांगल्या माणसाला हाकललंत तुम्ही बायकांनी."

दुसरा महिन्याने आला. तोवर पाऊस लांबला होता आणि भट्टी कशीबशी रिकामी झाली होती. गोल चेहरा, आवाज असा की वारा असला तरी ओढ्यापलीकडे ऐकू जावा. पहिल्या दिवशी त्याने भट्टीवरच्या प्रत्येकाचं नाव पाठ केलं. काम करताना गायचा, आणि हमाल त्याच्यामागे गायचे. आजाऱ्यांकडे जायचा, पोरांना खांद्यावर घ्यायचा, मालकाने थट्टा केली तर मालकाहून मोठ्याने हसायचा. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला. त्याच्या मनात कपट नव्हतं, आजही नाही. काटेवाल्याच्या कागदावरचे अकराच्या अकरा गुण त्याच्यात होते, आणि काटेवाला स्वतःच ते पोरीची सोयरीक जुळल्यासारखा सगळ्यांना सांगत फिरत होता.

पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी विचारलं. तो हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "आई, हे व्हायलाच हवं. मी करीन." सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी वाढलं, आणि आणखी वाढलं. रविवारी त्यांनी "चालेल" म्हटलं तेव्हा सगळ्यांत जास्त मान मीच डोलवली.

त्याने शब्द मोडला नाही, हे सांगायलाच हवं. निवडून आल्यावर तिसऱ्या महिन्यात पाळकांनी मला चर्चमागच्या खोलीत बोलावलं. दार उघडं ठेवलं, मला खुर्ची दिली, स्वतः बाकड्यावर बसले. म्हणाले, "पंच अडून बसलेत. म्हणतात, जीव दिला तो दिला. त्याने जीव दिला नाही हे कुणी ठामपणे सांगू शकेल का?"

"मला काय माहीत?"

"ताई, तुम्ही आत्ता माझ्याकडे न बघता बोललात."

बाहेर पाऊस होता, कौलांवरून पाणी गळत होतं आणि त्यांनी मुकाट्याने खाली बादली सरकवली. मग म्हणाले, "आईंचं वय झालंय. परवा भिंतीला वळसा घालताना त्या चिखलात पडल्या. मला तुम्ही सांगितलं नाहीत तरी मी तुम्हाला वाईट समजणार नाही. पण मग त्यांच्या हयातीत मुलगा आत येणार नाही. आणि सांगितलंत तर ते तुमच्यात, माझ्यात आणि देवात राहील."

सासूबाईंच्या गुडघ्यावरची जखम मीच धुतली होती. मी सांगितलं. मला वाटलं होतं, एकदा सांगून झालंय, दुसऱ्यांदा सोपं जाईल. गेलं नाही. माझ्याआधी पाळकच रडले, आणि ते रडणं खरं होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मोठी सुंदर प्रार्थना केली.

पंचांना त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. "माझ्याकडे खात्रीचा पुरावा आहे, तो मी उघड करू शकत नाही," एवढंच म्हणाले असं काटेवाला म्हणतो. त्यांच्या तोंडून कुणालाही काहीही पटलं असतं. कबर न उकरता भिंतच पुढे न्यायची ठरली. गवंडी आले, जुनी भिंत त्या अंगाला पाडली, कबरीला पोटात घेऊन नवी उभी केली. चुना आमच्याच भट्टीचा होता. सासूबाई रोज गवंड्यांना पाणी द्यायच्या आणि दगडावरचा ओला चुना बोटाने सारखा करायच्या. हात सोलतील म्हटलं तर म्हणाल्या, "सोलू दे. माझ्या मुलाचं घर होतंय." त्या दिवसांत त्या इतक्या हसायच्या की सासऱ्यांनी दोनदा विचारलं, घरात कोण पाहुणी आलीये.

भिंत पुरी झाली त्या रविवारी चर्च भरलं होतं. मी आणि सासूबाई तिसऱ्या बाकावर, सासरे आमच्यामध्ये. पाळकांनी उपदेश सुरू केला. बंद दाराबद्दल होता.

"एक बाई होती," ते म्हणाले. "तिच्या घरी दारूचा त्रास होता. एका थंडीच्या रात्री तिने दाराला कडी लावली. बाहेरून तीनदा हाक आली."

नाव घेतलं नाही. गाव सांगितलं नाही. भट्टीचा शब्दही काढला नाही, "तो ऊब शोधत गेला" एवढंच म्हणाले. त्यांना वाटत असणार की नाव घेतलं नाही म्हणजे शब्द पाळला. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत होता. तिसरी हाक कशी होती, ती त्यांनी तशीच मारून दाखवली, आणि बायका रडू लागल्या. मग म्हणाले, की त्या बाईला देवाने कधीच क्षमा केली आहे, आणि आपणही आपापली दारं उघडी ठेवायला हवीत. इतका चांगला उपदेश मी कधी ऐकला नव्हता. बायका रडत होत्या, पुरुष खाली बघत होते, पण भरल्या चर्चमध्ये एकाही माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावरून मला कळलं, की सगळ्यांना कळलंय.

सासरे दोन्ही हातांनी पुढचं बाक धरून बसले होते. त्यांच्या पलीकडे सासूबाई मला दिसत नव्हत्या.

उपासना संपल्यावर सगळे कबरीकडे निघाले. पाळक गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले. चेहरा लाल, डोळे ओले. माझे दोन्ही हात धरून हळूच म्हणाले, "ताई, ओझं उतरलं ना?"

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय म्हणणार होते मी? त्यांचा चेहरा इतका आनंदी होता, आणि आजूबाजूला माणसं होती.

कबरीवर प्रार्थना झाली. गाणं झालं. दोन वर्षं जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं, नीट, क्रमाने, काही न वगळता. सासूबाई ताठ उभ्या होत्या. रडल्या नाहीत. माती टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी टाकली, सासऱ्यांच्या हातात दिली, आणि माझ्या हातात द्यायची ती खाली सोडून हात झटकले. मी वाकून माझी मी घेतली.

माणसं पांगायला लागली तशा त्या काटेवाल्याकडे वळल्या. कबरस्तानातल्या जागांची वही त्याच्याकडे असते. आमच्याकडे नवऱ्याच्या शेजारची जागा बायकोची, ती मागावी लागत नाही, आपोआप लिहिली जाते.

"याच्या शेजारची जागा माझ्या नावावर लिहा," सासूबाई म्हणाल्या.

काटेवाला गडबडला. "अहो, ती सूनबाईंची असते. तुमची तुमच्या यजमानांशेजारी आहे, त्या चिंचेखाली."

"ते तिथे एकटे निजतील. मी मुलाजवळ निजेन."

"सूनबाईंचं काय मग?"

"तिचं तिला ठाऊक."

सासरे म्हणाले, "काय चाललंय? काय लिहितोय तो?" कुणी त्यांना उत्तर दिलं नाही. काटेवाल्याने पाळकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एवढा एकच शब्द होता, नाही, आणि तो त्यांनी उच्चारला असता तर सासूबाई चिडल्या असत्या, आठ दिवस बोलल्या नसत्या, कदाचित जन्मभर बोलल्या नसत्या. पण मग मला निदान एवढं ठाऊक राहिलं असतं, की मेल्यावर मला कुठे नेतील.

सासूबाई पाळकांना म्हणाल्या, "एवढं केलंत माझ्यासाठी, आता हेही करा."

पाळकांनी त्यांचे सोललेले हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले होते.

"हो आई," ते म्हणाले. "लिहा हो, काटेवाले."